भोपळा भाजताना गोडी येते कुठून?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिका-कॅनडातल्या स्वयंपाकघरांचे व्हिडिओ आपल्याही मोबाइलवर येऊ लागतात. भोपळ्याच्या केशरी फोडी, त्यांवर मेपल सिरपचा, म्हणजे मेपल झाडाच्या आटवलेल्या रसाचा, चकाकणारा तपकिरी लेप आणि खाली एक ओळ: साखर अजिबात नाही, फक्त नैसर्गिक गोडवा. कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. त्या जेवणात असा भाजलेला भोपळा बऱ्याच घरी असतो.

माझी पुतणी न्यू जर्सीत राहते. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "काकू, रेसिपीत लिहिलं होतं तस्संच केलं. तरी फोडींचा लगदा झाला, आणि वरचा पाक करपून कडू लागतोय. असं का झालं?" मी उत्तर देईपर्यंत तिने दुसरा प्रश्न विचारला. "आणि मेपल सिरप नैसर्गिक असतं ना, मग बाबांना चालेल? त्यांची शुगर वाढलीय."

फोनवर मी तिला थोडक्यात सांगितलं, पण समाधान झालं नाही, तिचंही आणि माझंही. हेच दोन प्रश्न मला इथेही बरेच जण विचारतात. त्यांच्या हातात मेपल सिरपऐवजी गूळ किंवा मध असतो, एवढाच फरक. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा भोपळा कोणता

इंग्रजीत ज्याला 'विंटर स्क्वॉश' म्हणतात, तो हिवाळ्यात पिकत नाही. तो उन्हाळ्यात वाढतो, वेलीवरच पूर्ण जून होतो, साल टणक होते आणि मग हिवाळाभर टिकतो. नाव पडलं ते या टिकण्यामुळे. झुकिनी कोवळी असतानाच तोडून खातात, म्हणून ती 'समर स्क्वॉश'. आपल्याकडे भेद करायचा तर कोवळं दोडकं आणि जून डांगर, असा काहीसा.

आपला लाल भोपळा याच घराण्यातला. कुणी त्याला तांबडा भोपळा म्हणतं, कुणी डांगर, कुणी काशीफळ. विदर्भात तर त्याला कोहळं म्हणतात आणि त्याची गूळ घालून केलेली बोंडं तिथे आवडीने खातात. या घराण्याचं मूळ गाव मात्र अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोत ओहाकाच्या एका गुहेत सापडलेल्या बिया सांगतात की तिथली माणसं जवळजवळ 10,000 वर्षांपूर्वी भोपळा लावत होती. 'स्क्वॉश' हा शब्दही त्याच खंडातल्या, पण उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा, नॅरागॅन्सेट भाषेतून आलेला. आपल्याकडचे जुने भोपळे म्हणजे दुधी आणि पांढरा कोहळा. लाल भोपळा समुद्र ओलांडून नंतर आला आणि घारग्यांत, भरतात, सांबारात असा मिसळून गेला की तो पाहुणा होता हे आता कुणाला आठवतही नाही.

पुतणीने आणलेला होता बटरनट, म्हणजे सुरईच्या आकाराचा, फिकट पिवळसर सालीचा. तो आपल्या लाल भोपळ्याचा सख्खा चुलतभाऊ. फरक पाण्याचा. 100 ग्रॅम कच्च्या लाल भोपळ्यात 90 ग्रॅमच्या वर पाणी असतं. बटरनटमध्ये 86 ग्रॅमच्या आसपास. हे चार-पाच ग्रॅम किरकोळ वाटतात, पण पाणी सोडून उरतं काय ते बघा. बटरनटमध्ये 11-12 ग्रॅम कर्बोदकं, लाल भोपळ्यात 6-7. म्हणजे उरलेला ऐवज जवळजवळ निम्मा. बटरनटची रेसिपी लाल भोपळ्यावर तशीच चालवली की फसते, त्याचं पहिलं कारण इथे आहे.

गोडी वाट पाहिल्याने येते

वेलीवरून नुकता तोडलेला भोपळा फार गोड नसतो. त्याच्यात पिठूळपणा जास्त असतो, म्हणजे स्टार्च. स्टार्च ही साखरेच्या कणांची लांबच लांब माळ आहे असं समजा. माळ अखंड असते तोवर जिभेला तिची गोडी कळत नाही. भोपळा ठेवून दिला की त्याच्यातली एन्झाइम्स, म्हणजे आतले नैसर्गिक कारागीर, ती माळ तोडत बसतात. मणी सुटे होतात आणि चव गोड होते. बटरनटसारखे भोपळे काढणीनंतर महिना-दीड महिना ठेवले की जास्त चवदार लागतात ते यामुळे.

आजोळी भोपळे माळ्यावर, गवतावर ठेवलेले असायचे. कोपऱ्यात, हवेशीर, एकमेकांना न टेकवता. आजी देठ कधी मोडू द्यायची नाही, कारण देठाच्या जखमेतून कूज आत शिरते. आज अख्खा भोपळा आपण फ्रिजमध्ये घालतो, ते चूक. 10 अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते आणि तो लवकर सडायला लागतो. कापलेली फाक मात्र फ्रिजमध्येच हवी.

बाजारात फाक घेताना मी गर बोटाने दाबून बघते. घट्ट, गडद केशरी आणि कापलेल्या जागी बारीक थेंब धरलेले असतील तर घेते. बियांभोवतीचे धागे सुटे आणि कोरडेसर असले तर भोपळा चांगला जून आहे. फिकट, ओलसर, बोटाखाली दबणारा गर भाजीला ठीक आहे, भाजायला नाही.

खरा अडसर पाण्याचा

आता लगदा का होतो ते. पाणी 100 अंशांना उकळतं, आणि जोवर ते शिल्लक आहे तोवर त्याच्या आसपासची जागा त्याहून फारशी तापत नाही. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवून बघा. इस्त्री कितीही तापलेली असो, वाफ निघत राहते, कापड ओलं आहे तोवर करपत नाही. सगळी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. भोपळ्याची फोड म्हणजे तसंच ओलं कापड. ओव्हन 220 अंशांवर असला तरी फोडीचा ओला पृष्ठभाग 100च्या घरातच घुटमळतो. भाजण्याचा खमंग रंग यायला मात्र 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. दरम्यान आतला गर शिजत असतो: 60-70 अंशांना स्टार्च फुगतो, 85च्या आसपास पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटू लागतं. पेक्टिन म्हणजे विटांमधला चुना. तो विरघळला की भिंत मऊ पडते.

म्हणजे ही शर्यत आहे. बाहेरचं पाणी आधी उडालं तर फोड खरपूस होते. आतला चुना आधी सुटला तर लगदा.

शर्यत जिंकायचे उपाय मग आपोआप कळतात. ट्रेमध्ये फोडी दाटीवाटीने ठेवल्या तर एकीची वाफ दुसरीला भिजवते. पावसाळ्यात दोरीवर कपडे एकमेकांवर टाकले तर दोन दिवसांनीही कुबट ओले राहतात, सुटे टाकले तर वाळतात; तसंच. अर्धा किलो फोडींना मोठा ट्रे लागतो, आणि दोन फोडींमध्ये बोटभर जागा. फोडी इंचाच्या हव्यात. त्याहून लहान केल्या तर वाळून चिवट होतात. चिरल्यावर धुवायच्या नाहीत, धुवायचं ते अख्खं असताना. मीठ लावून ठेवायचं नाही, कारण कोशिंबिरीतल्या काकडीसारखं पाणी सुटतं. मीठ ट्रेत घालताना. तेल किंवा तूप मात्र सढळ हाताने, अर्ध्या किलोला दीड-दोन टेबलस्पून. ते फोडीला उष्णता नीट पोचवतं, आणि भोपळ्याचा केशरी रंग ज्याच्यामुळे येतो ते बीटा-कॅरोटीन अंगी लागायलाही थोडा स्निग्ध पदार्थ लागतो.

आणि ट्रे आत जाण्याआधी ओव्हन पूर्ण तापलेला हवा. घरगुती ओटीजीला त्याला 15 मिनिटं सहज लागतात. मला तर कानांचा भरवसा जास्त वाटतो. ट्रे आत गेल्यावर सुरुवातीला भिजट, जड फसफस ऐकू येते. 20-25 मिनिटांनी तो आवाज बारीक होतो, तडतड कोरडी होते. पाणी सरत आलं याची ती खूण. तेव्हा फोडी उलटायच्या. माझ्या काट्यावर अर्धा किलो फोडी भाजून झाल्यावर 300 ग्रॅमच्या आसपास भरतात. साखर होती तेवढीच राहिली, पाणी गेलं, म्हणून गोडी दाट झाली. भाजलेला भोपळा उकडलेल्यापेक्षा गोड लागतो त्यातला मोठा वाटा या साध्या हिशेबाचा आहे.

बाकीचा वाटा रंगाचा. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आणि काही साखरा तापल्यावर एकमेकांशी जुळतात आणि भाकरीच्या पापुद्र्यावर येतो तसा तपकिरी रंग आणि वास तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेलार्ड यांनी 1912मध्ये ही क्रिया मांडली, म्हणून तिला मेलार्ड क्रिया म्हणतात. नुसती साखर तापून तपकिरी होते ते कॅरमल. ही दुसरी क्रिया पुढच्या भागात महत्त्वाची आहे.

ग्लेझ म्हणजे आपला पाकच

मेपल सिरप कसं होतं? मेपलच्या झाडाचा पातळ, किंचित गोड रस जमा करायचा आणि आटवायचा. सुमारे 40 लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर जे चालतं ते याहून वेगळं नाही. उसाचा रस कढईत आटतो, भेंडीच्या झाडाच्या चिकट पाण्याने मळी वर येते, ती काढतात. रस दाट झाला पण गुळाला अजून आला नाही, अशा वेळी काढून घेतली ती काकवी. भाकरीशी काकवी खाल्लेल्या माणसाला मेपल ग्लेझ नव्याने शिकायची गरज नाही. म्हणून इथे कुणी महागडी मेपलची बाटली आणायला निघालं की मला मनापासून सांगावंसं वाटतं: काकवी घ्या. चव भोपळ्याला जास्त शोभते, घारग्यांनी ते कधीच सिद्ध केलंय.

आता पुतणीचा पाक का करपला ते. तिच्या रेसिपीत सिरप सुरुवातीलाच फोडींना चोळायचं होतं. काकवी, मध, मेपल यांत साखर भरपूर आणि पाणी थोडं. ट्रेच्या पातळ पत्र्यावर पसरलं की ते पाणी काही मिनिटांत उडतं. मधातलं फ्रुक्टोज, म्हणजे फळांत असते ती साखर, 110 अंशांपासूनच रंग बदलायला लागतं, साधी साखर 160च्या पुढे. ओव्हन 220वर. भोपळा तयार व्हायला अर्धा तास हवा आणि पाकाला दहा मिनिटंही पुरे होतात. दोघांना एकाच वेळी गाडीत बसवलं तर एकाची वाट लागणारच. शिवाय सुरुवातीलाच लावलेला पाक फोडीतलं पाणी बाहेर ओढतो, ते वेगळंच.

तेव्हा पाक शेवटी. अर्धा किलो फोडींना दोन टेबलस्पून काकवी, किंवा 25 ग्रॅम चिरलेला गूळ आणि टेबलस्पूनभर पाणी. लहान कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर दोन मिनिटं. एकतारी पाकाच्याही अलीकडे थांबायचं: चमच्याच्या पाठीला धरतो, पण उचलला तर तार येत नाही. फोडी खरपूस झाल्यावर त्यांवर घालायचा, हलक्या हाताने फिरवायच्या आणि परत ओव्हनमध्ये पाच ते सात मिनिटं. तिथून हलायचं नाही. पाकाचे बुडबुडे मोठे आणि संथ झाले की बाहेर.

मसाला कधी, आंबट कधी

अमेरिकेत भोपळ्याचा मसाला म्हणून दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस (मिऱ्यासारखी दिसणारी वाळवलेली फळं) असं मिश्रण बाटलीत मिळतं. मॅककॉर्मिक कंपनीने ते 1934मध्ये बाजारात आणलं. ऑलस्पाइस सोडलं तर सगळं आपल्या डब्यात आहे. मी पाव चमचा सुंठ, चिमूटभर दालचिनी, थोडं किसलेलं जायफळ आणि बोटाच्या पेराएवढी लाल तिखटाची चिमूट घेते. तिखटाशिवाय हा पदार्थ मला नुसता गोड-गोड वाटतो.

मसाले पाकाच्या तुपात परतायचे, काकवी घालण्याआधी काही सेकंद. त्यांचा वास तुपात उतरतो, पाण्यात फारसा नाही. फोडणी आपण तेलात करतो ती त्यासाठीच. पूड कच्च्या फोडींना चोळून अर्धा तास भाजली तर ती जळते आणि दालचिनी कडवट होते.

आंबट अगदी शेवटी. चिंचेचा कोळ असो वा लिंबू, आम्ल असलं की पेक्टिन लवकर सुटत नाही आणि फोड दडस राहते. 'भाजी शिजल्याशिवाय चिंच घालू नये' हे सासू-आईने सांगितलेलं वाक्य पेक्टिनबद्दलच होतं. इथे दोन-चार थेंब लिंबू पाकात चालेल. त्याने पाक साखरत नाही आणि गोडाला धार येते.

"नैसर्गिक आहे, मग साखर कशी?"

आता दुसरा प्रश्न, जास्त महत्त्वाचा. 'नैसर्गिक' हा शब्द गोडी कुठून आली ते सांगतो. शरीरात गेल्यावर ती काय करते, हे सांगत नाही. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे डब्यातली पांढरी साखर ज्याची बनलेली आहे तेच. मेपल सिरपमधली साखरही मुख्यतः सुक्रोज. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं असतं. सुक्रोजही आतड्यात पोचल्यावर या दोघांतच तुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015च्या मार्गदर्शनात 'मुक्त साखर' असा शब्द वापरला आहे. स्वयंपाक करणाऱ्याने, कंपनीने किंवा खाणाऱ्याने वरून घातलेली साखर, आणि त्याबरोबर मध, सिरप, फळांचा रस यांतली नैसर्गिक साखरही त्यात मोजतात. ती दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांखाली असावी, 5 टक्क्यांखाली गेली तर आणखी बरं, असं त्यांचं म्हणणं आहे. 2,000 कॅलरी खाणाऱ्याला 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम, 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. चहात घातलेला गूळ याच खात्यात जमा होतो. अख्ख्या भोपळ्यातली, पेशींच्या आत असलेली साखर मात्र यात धरत नाहीत.

"पण गुळात लोह असतं ना?" असतं. भट्टीनुसार कमी-जास्त. समजा 100 ग्रॅम गुळात 5 मिलिग्रॅम धरलं, तर फोडींबरोबर पोटात जाणाऱ्या 6-7 ग्रॅम गुळातून मिळतं एक तृतीयांश मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लागतं. लोहासाठी गूळ खायचा तर आधी साखरेचं माप कितीतरी ओलांडलं जाईल. गूळ वापरावा तो चवीसाठी, आणि ते कारण मला पुरेसं मोठं वाटतं.

एका वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नको, भाजलेल्या भोपळ्यावरचाही नको. त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या ओव्हनमध्ये ते मरत नाहीत.

"मग डायबिटीस असेल तर भोपळाच नको?"

इथे लोक टोकाला जातात. भोपळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स जास्त असल्याचं तक्त्यांत वाचून भोपळा घरातून हद्दपार होतो. हा इंडेक्स म्हणजे पदार्थातली कर्बोदकं रक्तात किती वेगाने साखर चढवतात त्याचा आकडा. वेग कळतो, पण पदार्थात कर्बोदकं आहेत किती, ते कळत नाही. रिकामी एसटी कितीही जोरात धावली तरी उतरणारे प्रवासी थोडेच. 100 ग्रॅम लाल भोपळ्यात 6-7 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे वाटीभर भातापेक्षा कितीतरी कमी.

आता वरच्या मापाचा हिशेब करा. अर्धा किलो फोडी चौघांत वाटल्या तर प्रत्येकी 125 ग्रॅम कच्चा भोपळा, त्यातून 8 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. पाकाच्या 25 ग्रॅम गुळातून प्रत्येकी 6 ग्रॅम. मधुमेही माणसाच्या ताटात प्रश्न या पाकाचा आहे, भोपळ्याचा नाही. आणि व्हिडिओत पाव कप सिरप ओततात तेव्हा तोच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. औषधं, इन्सुलिन चालू असणाऱ्याने आपलं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

"काळं पडलेलं खाल्लं तर चालतं का?"

स्टार्च असलेले पदार्थ खूप तापवल्यावर त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं, म्हणजे कॅन्सरशी संबंध असल्याची शंका असलेलं एक रसायन. अन्नात ते सापडल्याचं 2002मध्ये स्वीडनमधून जाहीर झालं आणि तेव्हापासून भाजण्याबद्दल भीती आहे. व्यवहारात एवढं पाळावं: सोनेरी ते तपकिरीवर थांबायचं. काळ्या कडा काढून टाकायच्या, तशाही त्या कडूच लागतात.

खरी सावधगिरी दुसऱ्याच कडूपणाची. कच्च्या फोडीचा कण जिभेवर ठेवून बघा. भोपळा, दुधी, काकडी यांच्या घराण्यात क्युकरबिटासिन नावाचं कडू विष कधीकधी वाढतं, आणि ते शिजवून, भाजून जात नाही. कडू लागला तर गूळ घालून झाकू नका, अख्खा टाकून द्या. पैसे वाया गेल्याची हळहळ करू नका.

ओव्हन नसेल तर

जाड बुडाचा लोखंडी तवा किंवा पसरट कढई घ्या. तूप चांगलं तापू द्या, फोडी एका थरात, अंतर राखून लावा. झाकण ठेवायचं नाही. झाकणाखाली भोपळा वाफवला जातो. एक बाजू आठ-दहा मिनिटं न हलवता मध्यम आचेवर, मग उलटून तेवढंच. अर्धा किलोला दोन घाणे लागतात. मऊपणा बघायला सुरीचं टोक घाला, सहज जावं पण फोड फाटू नये. मग सगळ्या फोडी एकत्र करून पाक घाला आणि आच बंद करा. तव्याची धग पुरते.

पुतणीने यंदा असंच केलं, ओव्हनमध्येच, पण पाक शेवटी घालून. अर्ध्या फोडी बिनपाकाच्या काढून ठेवल्या, त्यांवर फक्त सुंठ, तिखट, मीठ आणि लिंबू. फोटोत दोन वाट्या होत्या. बिनपाकाची वाटी भावजींच्या पुढे होती, आणि ती आधी रिकामी झाली होती.